जळालेल्या जंगलाचे पुढचे छायाचित्रही हवे

महोदय,

वणव्यात जळालेल्या जंगलाची रविवारच्या अंकातील छायाचित्रे प्रभावी असली, तरी त्यांखालील ‘सारे संपले’ ही ओळ पटली नाही. १९८८ मध्ये अमेरिकेतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाचा सुमारे ३६ टक्के भाग वणव्यांच्या तडाख्यात सापडला, तेव्हाही असाच सूर उमटला होता. प्रत्यक्षात लॉजपोल पाइन वृक्षाचे राळेने बंद असलेले शंकू त्या उष्णतेमुळेच उघडले, बिया राखेत पडल्या आणि दाट रोपे उगवली. हे एका छायाचित्रात मावत नाही. त्यासाठी त्याच जागेवरून, त्याच चौकटीत, वर्षानुवर्षे छायाचित्रे घ्यावी लागतात. जेथे जंगल परतत नाही, तेही त्यांतूनच कळते. आपल्या छायाचित्रकाराला पुढील वर्षी त्याच ठिकाणी अवश्य पाठवावे, ही आग्रहाची विनंती.

– एक वाचक