एक पिक्सेल कितीदा आणतेस?

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार.

तुम्ही निवृत्त झाल्याचं परवा कळलं. समोर असताना कधी धड बोलले नाही, म्हणून आज सगळ्यांसमोर लिहिते आहे.

एम.टेक.चं माझं प्रोजेक्ट आठवतं? ६४० बाय ४८०चं चित्र, सेकंदाला ३० फ्रेम, म्हणजे ९२ लाखांवर पिक्सेल. त्यावर ३ बाय ३ पिक्सेलांच्या खिडकीची भारित सरासरी घेऊन चित्र मऊ करणारा गाउसियन फिल्टर एफपीजीएवर, म्हणजे आतली जोडणी हवी तशी बदलता येणाऱ्या चिपवर, बसवायचा होता. मी गुणक, म्हणजे गुणाकार करणारी सर्किटं, वाढवत गेले, वेग मात्र हलेना. महिनाभरात रडकुंडीला आले. तुम्ही कोड उघडलाही नाहीत. एवढंच विचारलंत, "एक पिक्सेल मेमरीतून कितीदा आणतेस गं?"

नऊ वेळा! कारण प्रत्येक पिक्सेल नऊ खिडक्यांत येतो. सेकंदाला सव्वाआठ कोटींहून जास्त वेळा मेमरी वाचायची, आणि गुणक बिचारे वाट बघत बसलेले.

मग तुम्ही हातातल्या झेरॉक्सच्या पाठीवर पेन्सिलीने दोन लांब पट्ट्या काढल्यात. मागच्या दोन ओळी चिपमध्येच ठेव, १२८० बाइट पुरतात. नवा पिक्सेल आला की त्याच्या वरचे दोन या पट्ट्यांतून मिळतील, खिडकी एक घर सरकेल. बाहेरून आणणं एकदाच. आणि १-२-१ अशा वजनांच्या फिल्टरला गुणक हवेतच कशाला? दुप्पट करायचं तर बिट्स एक घर डावीकडे सरकव, शेवटी १६ने भागायचं तर खालचे चार बिट्स सोडून दे. त्या संध्याकाळी माझ्या डिझाइनमधले सगळेच्या सगळे गुणक गेले.

ती झेरॉक्स एच. टी. कुंग यांच्या १९८२च्या सिस्टॉलिक रचनेवरील लेखाची होती. हृदय रक्त ढकलतं तशी मेमरी डेटा ढकलते, आणि परत जाण्याआधी तो एका घरातून दुसऱ्यात वापरला जातो. गूगलच्या पहिल्या टीपीयूमधली (एआयसाठी बनवलेल्या चिपमधली) ६५,५३६ गुणकांची जाळी याच पद्धतीने चालते हे वाचलं, तेव्हा तो कागद मी पुन्हा बाहेर काढला.

पुढे रडारच्या सिग्नलवर काम केलं. सिग्नलमधल्या फ्रिक्वेन्सी वेगळ्या काढणाऱ्या १०२४ बिंदूंच्या एफएफटीला दहा पायऱ्या. गणित सोपं, पण दर पायरीला प्रत्येक बिंदूचा जोडीदार वेगळ्या अंतरावर. तिथेही आधी तुमचाच प्रश्न विचारला, मग डिझाइनला हात घातला. आजवर जे काही जमलं, त्याची सुरुवात त्या प्रश्नापासून आहे, मॅडम. मनापासून आभार.

लॅबमध्ये नवीन मुलं आली की तो कागद त्यांच्यासमोर ठेवते. पेन्सिल पुसट झाली आहे. शाईने गिरवायला हात धजत नाही.

तुमची विद्यार्थिनी