पाचव्या गिअरातला आवाज ऐकणाऱ्या मेस्त्रीकाकांस

मेस्त्रीकाका, नमस्कार.

गेल्या शनिवारी आभार मानायला आलो, तर तुम्ही "बरें, बरें" म्हणून दुसऱ्या गाडीखाली सरकलात. नुसते पाय दिसत होते. पायांचे आभार कसे मानायचे? म्हणून हे पत्र. चारचौघांत लिहितोय, कारण माझ्यासारखे आणखी कितीतरी जण या घटकेला गाडीतला आवाज ऐकू येऊ नये म्हणून रेडिओ मोठा करत असतील. मी दोन महिने तेच केलं.

मी रोज डिचोलीहून वेर्ण्याला जातो. म्हापसा सोडून हमरस्त्याला लागलं आणि गाडी पासष्टच्या वर गेली की पुढून 'घूंईंऽऽ' असा बारीक सूर निघायचा. लांबच्या भाताच्या गिरणीचा पट्टा फिरावा तसा. मांडवीवरच्या अटल सेतूच्या चढावर तो वाढायचा, उताराला ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की गप्प. हे सगळं माझ्या कानांवर पडत होतं, पण त्याला काही अर्थ असेल असं डोक्यातच आलं नाही. तुमच्याकडे येण्याआधी एका ठिकाणी चाकाचं बेअरिंग बदलून घेतलं, 2,800 रुपये गेले. आवाज तसाच. मग तिथेच सांगितलं, "गिअरबॉक्स गेला, उतरवून पूर्ण खोलावा लागेल, 35,000 धरून चला." गाडी एकदाही चालवून न बघता!

तुमच्याकडे आलो तो हा आकडा डोक्यात घेऊनच. येताच म्हणालो, "काका, गिअरबॉक्स गेलाय." तुम्ही हात पुसत विचारलंत, "कोणी सांगितलं? गिअरबॉक्साने?" आणि शेजारच्या सीटवर येऊन बसलात. "पयलीं आयकूंया, मागीर उगडूंया." म्हणजे आधी ऐकू, मग उघडू.

त्या अर्ध्या तासात तुम्ही स्टिअरिंगला हातही लावला नाहीत, सगळं माझ्याकडून करून घेतलंत. आधी गाडी उभी ठेवून न्यूट्रलमध्ये रेस द्यायला लावलीत. आवाज नाही, म्हणजे अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा) आणि त्याचा पट्टा संशयातून सुटले. तिथेच क्लच दाबायला, सोडायला लावलात. काही फरक नाही. इनपुट शाफ्टचं, म्हणजे इंजिनाची ताकद गिअरबॉक्सात आणणाऱ्या दांड्याचं बेअरिंग वाजत असतं तर क्लच सोडल्यावर आवाज आला असता आणि दाबल्यावर बंद झाला असता, हे तुम्ही सांगितल्यावर कळलं. मग रस्त्यावर. सत्तरच्या वेगाला, सूर लागलेला असताना, "क्लच दाब, गिअर काढ." गाडी त्याच वेगात, चाकं तितकीच फिरतायत आणि आवाज गायब. चाकाचं बेअरिंग असतं तर वाजतच राहिलं असतं. तुम्ही माझ्याकडे नुसतं बघितलंत. ते 2,800 आठवून माझा चेहरा पडला असणार.

पुढची गोष्ट मला सगळ्यात आवडली. चिऱ्यांची ती लांब भिंत आली तेव्हा तुम्ही डावी काच खाली करून म्हणालात, "भिंतीला लागून चालव, भिंत आवाज परत आणून देते." खरंच, गाडीच्या पोटातला सूर भिंतीवर आपटून स्पष्ट कानात आला. त्याच वेगाला चौथा टाकला, तर शांत. परत पाचवा, परत 'घूंईं'. "डिफरन्शियल, दोन्ही चाकांना ताकद वाटणारं, सगळ्या गिअरांना एकच. ते वाजत असतं तर चौथ्यातही वाजलं असतं. हे पाचव्याचं दुखणं."

गॅरेजात गाडी वर घेतलीत आणि आधी वरचा, तेल भरायचा प्लग सोडवलात. मी विचारलं, खालचा का नाही? "खालचा काढून तेल सांडलं आणि वरचा अडकून बसला तर गाडी हातगाडीवर घालून नेशील?" तेल भोकाच्या कडेपर्यंत हवं होतं. तुम्ही करंगळी आत घातलीत, वाकवलीत, बाहेर काढलीत. कोरडी. डाव्या ड्राइव्ह शाफ्टच्या, म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्याच्या तोंडाशी काळी चिकट माती थापली होती. पावसाळाभराचा चिखल समजून मी ती कधी खरवडलीच नव्हती. आत ऑईल सील थेंबाथेंबाने गळत होतं. या गाडीत पाचव्या गिअराची जोडी अगदी टोकाला, बाजूच्या झाकणात बसते आणि तेल कमी पडलं की पहिला उपाशी तोच राहतो, हे तुम्ही झाकणावर बोट ठेवून दाखवलंत.

खालून निघालेलं तेल जेमतेम निम्मं भरलं. ते तुम्ही जुन्या पेपरावर पसरून उन्हात तिरपं धरलंत. थोडी चमक होती, अभ्रकासारखी. प्लगच्या लोहचुंबकावरचा राखाडी लेप चिमटीत चोळलात. "पीठ आसा, कपचे ना." म्हणजे पीठ आहे, तुकडे नाहीत. पीठ चालतं, ते झिजेचं असतं. कपचे निघाले असते तर तुम्हीच गिअरबॉक्स खोलायला सांगणार होता, हेही स्पष्ट बोललात.

तेल आणायला मला पिटाळलंत तेव्हा दुकानदार जीएल-5 दर्जाचं गिअर ऑईल पुढे करत होता, "हे वरचं आहे, जास्त चांगलं." तुम्ही बजावलं नसतं तर घेऊन आलो असतो. गाडीच्या पुस्तकात जीएल-4 लिहिलंय. जीएल-5 मधली गंधकाची रसायनं सिंक्रोच्या, म्हणजे गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या पितळी रिंगा खाऊ शकतात, मग गिअर पडताना खरखर. नंबर मोठा म्हणजे माल भारी, हा समज माझाही होता.

नवीन सील, तेल आणि मजुरी धरून 1,900 रुपये. आवाज पूर्ण गेला नाही, आणि तो जाणार नाही हे तुम्ही पैसे घ्यायच्या आधी सांगितलंत: "दात थोडे घासले ते घासले. आता वाढता कामा नये." हे ऐकायला बरं वाटलं नाही, खरं सांगतो. पण आता चढावर सूर लागला की तो किती आहे ते मला कळतं. पूर्वी फक्त भीती वाटायची.

500 किलोमीटरांनंतर दाखव म्हणाला होतात. काल 512 झाले. रात्री गाडीखाली पेपर अंथरून ठेवला होता. सकाळी तो कोरडा होता, फक्त मांजराच्या पावलांचे ठसे होते. शनिवारी गाडी घेऊन येतो. करंगळी तयार ठेवा.

तुमचा,
डिचोलीचा पाचव्या गिअरवाला