वस्तीची गाडी, कॅराव्हॅन आणि रात्रीचा मुक्काम

मा. संपादक साहेब,
नमस्कार. पत्र जरा लांबलंय, कापलंत तरी चालेल पण संडासाच्या टाकीचा भाग कापू नका, कारण खरं दुखणं तेच आहे.

मे महिन्याचा शेवटचा आठवडा, रात्रीचे साडेनऊ वाजलेले, लाईट गेलेली, आणि आमच्या वाड्यावरच्या रस्त्यात एक भली मोठी पांढरी कॅराव्हॅन, म्हणजे आतच झोपायची, रांधायची, संडासाची सोय असलेली गाडी येऊन अडकली. एमएच बारा, म्हणजे पुण्याची. आत नवरा-बायको, दोन पोरं आणि एक आजी. आमचा रस्ता तुम्हाला ठाऊक आहे कसा असतो, एका बाजूला चिऱ्याची गडगी म्हणजे कुंपणाची भिंत, दुसऱ्या बाजूला व्हाळ म्हणजे ओढा, वरून विजेच्या तारा लोंबकळतायत आणि पुढे वळणावर कुणाचा तरी माड रस्त्यावर ओणवा झालेला. ही गाडी जवळजवळ तीन मीटर उंच. मॅपवाल्या बाईने सांगितलं की डावीकडे वळा, हे वळले. मी ३१ वर्षं कदंबची, म्हणजे गोव्याची सरकारी बस चालवली आहे त्यामुळे लुंगीवरच टॉर्च घेऊन बाहेर पडलो आणि अर्धा तास "येऊंदे, येऊंदे, राव रे" करत ती गाडी रिव्हर्स काढून देवळाच्या पटांगणात नेऊन लावली.

मग कळलं काय झालं ते. सकाळी पुण्याहून निघाले, चोर्ला घाटातून खाली उतरले, सरळ किनाऱ्यावर गेले. मुक्काम कुठे ठरवलाय तर कुठेच नाही, "गोव्यात काय, कुठेही लावू समुद्राजवळ" असा हिशोब. संध्याकाळी गॅस पेटवून मॅगी करायला घेतली तर लोकांनी हाकललं, आणि हाकललं ते बरोबरच हो, २०२२ च्या ऑक्टोबरात पर्यटन खात्याने ऑर्डर काढली आहे की उघड्यावर स्वयंपाक करायचा नाही, तेव्हा पन्नास हजारापर्यंत दंड ठेवला होता. पण मग जायचं कुठे हे सांगणारं कुणी नाही. तिथून एक बीच, दुसरा बीच, एका हॉटेलचं पार्किंग, सगळीकडून नाही ऐकत ऐकत हे लोक फोंड्यापर्यंत आत आले. आजी बिचाऱ्या दमून गेलेल्या, आमच्या बाल्कांवावर, म्हणजे ओसरीवर बसल्या आणि बायकोने दिलेली सोलकढी प्याल्या तेव्हा जरा बोलत्या झाल्या.

सकाळी तो मनुष्य मला बाजूला घेऊन हळूच विचारतो, "काका, हे रिकामं कुठे करायचं?" हातात सुटकेससारखा चाकं असलेला डबा. ती संडासाची कॅसेट, साधारण वीस लिटरची. चार-पाच माणसं असली की दोन दिवसात भरते. मला उत्तर देता येईना. शेवटी आमच्या घरच्या संडासात ओतायला दिली, पण आधी विचारून घेतलं की आत निळं औषध घातलंय का, कारण त्यातल्या काही औषधांनी आपल्या सेप्टिक टँकमधले जंतू मरतात आणि मग टाकी कुजायची थांबते, नुसती भरत राहते. त्याचं नशीब की हिरवं, साधं औषध होतं. तोपर्यंत त्यांच्या बायकोने भांड्यांचं साबणाचं पाणी शेजाऱ्याच्या कुळागरात, म्हणजे माडा-पोफळीच्या बागेत सोडलं होतं, त्यावरून जे झालं ते इथे लिहीत नाही.

आता मी हे सगळं शहाणपण कुठून शिकलो तर गेल्या वर्षी मी स्वतः हाच गाढवपणा करून आलोय, तो पण पोर्तुगालात.

माझा भाचा लिस्बनला असतो. आमच्या वाड्यावरचे अर्धे तिकडेच आहेत म्हणा. ऑगस्टच्या शेवटी त्याने सहा मीटरची मोटरहोम, म्हणजे अशीच राहायची गाडी भाड्याने घेतली, मी, बायको, तो आणि त्याची बायको, लिस्बनहून खाली साग्रेशपर्यंत किनाऱ्याने जायचं आणि परत. सरळ गेलं तर तीनशे किलोमीटर आहे, मोठ्या रस्त्याने तीन-चार तासात पोचेल माणूस, पण आमच्याकडे आठ रात्री होत्या. गाडी चालवायला मला दिली नाही, तिथे उजव्या बाजूने चालवायचं आणि गिअर उजव्या हाताला, त्यामुळे मी बाजूला बसून ब्रेक मारत होतो, पाय दुखले.

पहिल्या दिवशी मीच म्हटलं, अरे घाई कसली, पोर्तो कोवोला कड्यावर गाडी लावू, समुद्राकडे तोंड करून झोपू. भाचा म्हणाला, "मामा, तसं नाही चालत इथे." मला वाटलं पोरगा भितो. पण खरंच नाही चालत. २०२१ च्या जानेवारीत त्यांचा कायदा लागू झाला की मोटरहोममधून रात्री झोपायचं तर फक्त परवानगीच्या जागी, मग ओरड झाली आणि त्याच वर्षी ऑगस्टात थोडं सैल केलं, आता एका नगरपालिकेच्या हद्दीत ४८ तास थांबता येतं, पण किनारपट्टीच्या आणि संरक्षित निसर्गाच्या भागात नाहीच. आणि आम्ही जात होतो तो पोर्तो कोवोच्या खालचा सगळा पट्टा म्हणजे निसर्ग उद्यान! म्हणजे जिथे झोपावंसं वाटतं नेमकं तिथेच बंदी. राग आला होता मला तेव्हा, नंतर कड्यावरची ती स्वच्छ जमीन बघितली आणि आपला मोरजी-आश्वेचा किनारा आठवला, गप्प बसलो.

तर त्या पहिल्या रात्री आम्ही पावणेनऊला कँपिंगच्या गेटवर पोचलो. पाटी लागलेली, कोंप्लेतु, फुल्ल. ऑगस्ट म्हणजे तिथला सुट्टीचा महिना, अख्खा देश समुद्रावर. दुसरीकडे फोन लावला, ऑफिस बंद. अंधार पडलेला, बायको पुढच्या सीटवर देवाचं नाव घेतेय, भाच्याची बायको मोबाईलवर शोधतेय, शेवटी किनारा सोडून पंचवीस किलोमीटर आत एका छोट्या गावात नगरपालिकेची मोटरहोमसाठीची जागा सापडली. म्हणजे काय, तर नुसतं खडी टाकलेलं मैदान, आठ-दहा गाड्या मावतील एवढं, एका कोपऱ्यात पाण्याचा नळ, सांडपाणी सोडायची जाळी आणि संडासाची कॅसेट ओतायला झाकण असलेलं भोक. बस्स. ना पंचतारांकित काही, ना स्विमिंग पूल. शेजारी चर्च आणि एक बार. सकाळी आम्ही त्याच बारमध्ये कॉफी घेतली, पावाच्या दुकानातून पाव घेतले, भाच्याने डिझेल पण तिथेच भरलं. मला पटकन आपली वस्तीची गाडीच आठवली.

वस्तीची गाडी नवीन पोरांना माहीत नसेल म्हणून सांगतो. शेवटची बस रात्री गावात जाते, तिथेच मुक्काम करते आणि पहाटे पहिली होऊन निघते. सत्तरीत, काणकोणात अशा वस्त्या मी वर्षानुवर्षं केल्या. ड्रायव्हर-कंडक्टर देवळाच्या सभामंडपात नाहीतर कुणाच्या तरी सोप्यावर झोपायचे, गावातून भाकरी-भाजी यायची. पण कुठे झोपायचं हे डेपोतून निघतानाच ठरलेलं असायचं! गाडी सपाट जागेवर लावायची, उतार असला तर चाकाला दगड, माडाखाली लावायची नाही, पाणी कुठे आहे ते आधी बघायचं. हे मला ३१ वर्षं पाठ होतं आणि पोर्तुगालात गेल्यावर टुरिस्ट झालो म्हणून विसरलो.

दुसऱ्या दिवसापासून मी सूत्रं हातात घेतली. सकाळचा चहा संपायच्या आत रात्रीची जागा पक्की, फोन करून, आणि ती हुकली तर जवळची दुसरी कुठली ते पण कागदावर. दिवसाला शंभर किलोमीटरच्या वर नाही. दुपारी तीन-चारला मुक्कामावर. मिल्फोंतेश, झांबुजेइरा, आल्जेझूर असं करत गेलो आणि सप्टेंबर लागल्यावर तर जागा रिकाम्या व्हायला लागल्या, लोक कामावर परतले. म्हणून मी म्हणतो उन्हाळा संपत आला की अशी ट्रिप करण्यात मजा आहे पण त्याची नाटकं वेगळी. दिवस रोज दोन-अडीच मिनिटांनी आखडतो, ऑगस्टच्या शेवटी आठनंतर मावळणारा सूर्य पंधरा सप्टेंबरला पावणेआठलाच जातो. रान वाळून खडखडीत झालेलं असतं, २०२३ च्या ऑगस्टात त्याच ओदेमिरा भागात मोठी आग लागली होती आणि हजारावर माणसं हलवावी लागली, त्यामुळे झाडीत आत एकच रस्ता असलेल्या जागेपेक्षा बाहेर पडायला दोन वाटा असलेली जागा आम्ही घ्यायचो.

बाकी बारीकसारीक पण सांगतो कुणाला उपयोगी पडेल. लाईटचं कनेक्शन मिळतं पण काही ठिकाणी फक्त सहा अँपिअर, म्हणजे जेमतेम चौदाशे वॅट. आमच्या सौ.नी भाताचा कुकर आणि पाण्याची किटली एकदम लावली आणि फ्यूज उडाला, मग रात्री साडेदहाला त्या कँपवाल्याला उठवायला मी गेलो, खुणेनेच बोललो, तो हसला म्हणून बरं. आणि गाडी सपाट लागते ती झोपेत लोळू नये म्हणून नव्हे फक्त, त्यातला गॅसवर चालणारा फ्रीज तिरका झाला की नीट थंडच करत नाही. त्यासाठी चाकाखाली घालायचे पिवळे प्लास्टिकचे उतरते ठोकळे मिळतात. आमचा दगड बरा होता, पण ठीक आहे.

आता मुद्द्याचं. आपल्याकडे या गाड्या येणार आहेत, यायला लागल्यात पण. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅनचं धोरण केलं, केरळनेही त्याच वर्षी केलं आणि वागमोनला पार्कसुद्धा काढला. त्या गाड्या सुट्टीत कुठे येणार, गोव्यातच ना. आणि आपण त्यांना उत्तर सीमेवरच्या पत्रादेवीला आत घेतो आणि रात्री हाकलत दक्षिण सीमेवरच्या पोळेपर्यंत नेतो. किनाऱ्यावर जागा द्या असं मी अजिबात म्हणत नाही. तिथे सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामाचे निर्बंध आहेत, रेतीत गाड्या रुततात, आणि किनाऱ्यावर आणखी गर्दी कुणाला हवीय.

माझं म्हणणं, आत बघा. फोंडा तालुक्यात मोठमोठी देवळं आहेत, प्रत्येकाला अग्रशाळा आहे, पटांगण आहे, पाणी आहे, नळ आहे, रात्री राखणदार पण असतो. अग्रशाळा म्हणजे तरी काय, लांबून आलेल्या माणसाला रात्र काढायची सोयच ना. बहुतेक जत्रा कार्तिक ते वैशाखात उरकतात, मे अखेरीला पटांगणं रिकामी. तिथे चार गाड्यांची जागा आखून दिली, रात्रीचे तीन-चारशे रुपये घेतले तर देवस्थानालाही पैसे आणि गावातल्या पोदेराचे म्हणजे पाववाल्याचे, भाजीवालीचे पण दोन पैसे होतील. अर्थात अग्रशाळेच्या आवारात मासे-मटण, दारू चालणार नाही, आणि गोव्यात येऊन मासे खायचे नाहीत म्हटल्यावर किती जण टिकतील देव जाणे! त्यांच्यासाठी पंचायतींनी फुटबॉलच्या ग्राऊंडशेजारी, मार्केटच्या मागे अशी खडीची जागा करावी. देवस्थानचा कारभार बघणारी महाजन मंडळी माझ्यावर चिडतील, चिडू देत, निदान सभेत विषय तरी निघेल.

पण जागा देताना तीन गोष्टी नसतील तर देऊच नका, आणि इथेच आपण माती खाणार असं मला भय वाटतं. संडासाच्या कॅसेटसाठी वेगळी टाकी, कारण ते औषधाचं पाणी आपल्या सेप्टिक टँकात आणि शोष खड्ड्यात जाऊन शेजारच्या बावीपर्यंत, म्हणजे विहिरीपर्यंत पोचायला वेळ लागत नाही, ती टाकी टँकर बोलावून शहराच्या मलनिस्सारण प्रकल्पातच रिकामी व्हायला हवी. सांडपाण्याला जाळी. आणि पाणी मोजून, मीटर लावून, कारण मे महिन्यात आम्हीच टँकरची वाट बघत असतो आणि या एका गाडीची टाकी शंभर लिटरची असते. आधी मैदानाचं उद्घाटन आणि टाकी पुढच्या बजेटात, असं कराल तर हा वास आमच्याच नाकात जाणार.

येणाऱ्यांनीही ऐकावं. मोठी गाडी असेल तर हायवे सोडून मॅपच्या शॉर्टकटवर जाऊ नका. फेरीबोटीत घालू नका, गाडीची मागची शेपटी लांब असते, ओहोटीला उतारावरून चढताना घासते. मे अखेरीला माडाखाली आणि फणसाखाली लावू नका, पहिला वारा सुटला की वरून काय पडेल सांगता येत नाही. शेतात, नदीच्या पात्राजवळ तर नाहीच, सुकलेलं दिसतं पण एका सरीत चाकं आत. आणि पाऊस जूनलाच येतो असं धरून चालू नका, २०२५ ला तो २४ मेलाच केरळात दाखल झाला होता आणि आमचे किनाऱ्यावरचे शॅकवाले ताडपत्र्या धरून धावत होते.

ते पुण्याचे लोक सकाळी दहाला निघाले, जाताना आजींनी बायकोला भाकरवडीचं पाकीट दिलं. त्यांचे दोन पिवळे ठोकळे मात्र आमच्या पटांगणातच राहिलेत, मी बाल्कांवावर आणून ठेवलेत. नंबर घ्यायचा राहिला. हे पत्र त्यांच्यापर्यंत पोचलं तर येऊन घेऊन जावेत, फक्त यावेळी उजेड असताना या आणि तो माडाचा रस्ता नको, देवळाच्या कमानीतून आत या.

आपला,
कदंबचा एक निवृत्त ड्रायव्हर
फोंडा