दाखल्यातलं अक्षर

पुणे, बुधवार

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

रविवारी रात्री साडेनवाला तू तसाच निघालास आणि डबा ओट्यावरच राहिला. फोनवर बोलायला गेलं की माझा आवाज चढतो, म्हणून लिहिते आहे. गाडीबद्दल एक शब्दही लिहायचा नाही असं ठरवून बसले आहे.

आधी मृत्यूच्या दाखल्याचं. बाबांच्या नावातलं एक अक्षर राहिलं, त्याचा किती त्रास करून घेशील? पहाटे तीनला हॉस्पिटलच्या काउंटरवर फॉर्म पुढ्यात आला, तुझा हात थरथरत होता आणि त्यांचं आधार माझ्या पर्समध्ये. कुणाचंही राहिलं असतं. काल मी क्षेत्रीय कार्यालयात जाऊन आले. दुरुस्ती होते. अर्ज, प्रतिज्ञापत्र आणि बाबांचं आधार-पॅन लागेल. नोंद 21 दिवसांच्या आत झाली आहे, मुख्य ते. प्रती मात्र दुरुस्तीनंतरच काढू, दहा तरी. चुकीच्या नावाचा कागद बँक घेत नाही, मग तू पुन्हा सुट्टी काढणार, पुन्हा रात्रीचा घाट उतरणार. बघ, आलंच.

माझं आणि बाबांचं जॉइंट खातं 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' आहे, म्हणजे दोघांपैकी कुणीही किंवा मागे राहील त्याने चालवायचं; ते चालू राहतं, फक्त त्यांचं नाव कमी करायचं. पण त्यांच्या एकट्याच्या खात्यातून तू कार्डाने विधीचे पैसे काढलेस, ते चुकलं. हेतू वाईट नव्हता, कळतं मला. माणूस गेल्यावर त्याचं कार्ड वापरायचं नसतं. मी ते कात्रीने कापून टाकलं. मोबाईल नंबर मात्र इतक्यात बंद करायचा नाही. गॅस, फंड, सगळ्याचे ओटीपी त्यावरच येतात. मी भावनेपोटी तो धरून बसले आहे, असं तू म्हणालास. बसले असेन थोडी.

एफडीवर नॉमिनी तू आहेस. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, पैसे ताब्यात घेऊन वारसांना द्यायचे. मृत्युपत्र त्यांनी केलं नाही (मी दोनदा म्हटलं होतं), तेव्हा मी, तू आणि ताई, तिघांचे सारखे वाटे. आजी असत्या तर त्यांचाही असता. बँकेत जायच्या आधी ताईला फोन कर. तुला हे कळत नाही असं नाही, पण त्या काळ्या बॅगेवरून तुम्हा दोघांत झालं ते पुन्हा नको. फार शिकवते आहे, माफ कर.

पेन्शनचं मी बघते. पेन्शनच्या आदेशावर, म्हणजे पीपीओवर, माझं नाव आणि आमचा जोडीचा फोटो आहे. त्यांचं शेवटचं इन्कम टॅक्स रिटर्न मात्र वारस म्हणून नोंदणी करून तूच भर, ते मला जमायचं नाही. नोव्हेंबरात हयातीचा दाखला आता मी द्यायचा. बाबा दरवर्षी म्हणायचे, ''जिवंत आहे अशी सही करून येतो, तोवर चहा टाक.''

वैकुंठ स्मशानभूमीत विद्युतदाहिनीचं दार लागलं, तेव्हा तू मागे वळून आत्याच्या यजमानांना बसायला खुर्ची आणलीस. लहानपणी पाहुणे आले की पलंगाखाली लपणारा तू. बाबांना हे सांगायचं राहिलं, असं तेव्हा मनात आलं.

ओंकारेश्वरावर दहाव्याला मी आलेलं आत्याला आवडलं नाही. कावळा शिवेना. ''आईचं सगळं बघेन,'' असं तू मोठ्याने म्हणालास, तरी तो कठड्यावरच. मग तू पुटपुटलास काहीतरी आणि लगेच आला. काय म्हणालास ते मी विचारलं नाही. पण मला वाटतं, तू गाडीचंच काहीतरी म्हणाला असशील. बाबा दर शनिवारी रात्री अकराला कुंड्यांना पाणी घालायला गॅलरीत का जायचे, असं तुला वाटतं? गेटमधून तुझे दिवे आत आले की झारी ठेवून झोपायचे आणि सकाळी विचारायचे, ''कधी आला रे हा?''

आता मी जाते. तुळस पिवळी पडली आहे, पाणी फार होतंय.

ता. क. प्रतिज्ञापत्रावर तुझी सही लागेल, शनिवारी इथे हवास. शुक्रवारची डेक्कन क्वीन सीएसएमटीहून 5.10 ला सुटते, दादरला थांबते. थालीपिठाची भाजणी दळून आणली आहे.

तुझी आई