स्वयंपाकघरातल्या त्या खुर्चीसाठी

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

समोरासमोर आभार मानू लागलो की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे जाहीर पत्र.

पुण्याहून ॲम्स्टरडॅमला नोकरीसाठी आलो, तेव्हा तबला घरीच राहिला. भाड्याची खोली, पातळ भिंती. दोन वर्षांत बोटं जड झाली. एका रविवारी तुमच्याकडे जेवताना हे बोललो आणि तुम्ही काही न म्हणता रेकॉर्ड लावलीत. २ जून १९६४, नेदरलँड्समधलं हिल्व्हरसम. अमेरिकन जॅझ वादक एरिक डॉल्फीच्या साथीला तीन डच वादक, त्यात ड्रमवर २२ वर्षांचा हान बेनिंक. त्यानंतर २७ दिवसांनी डॉल्फी बर्लिनमध्ये वारला, वय अवघं ३६. ते ऐकून मी गप्पच झालो होतो.

मग तुम्ही बेनिंकची गोष्ट सांगितलीत. जन्म १९४२ चा, झान्डामचा. वडील ऑर्केस्ट्रात तालवादक. तरी पोराचं पहिलं वाद्य म्हणजे स्वयंपाकघरातली खुर्ची! १९६७ मध्ये पियानोवादक मिशा मेंगेलबर्ग आणि सॅक्सोफोनवादक विलेम ब्रोइकर यांच्याबरोबर त्याने 'इन्स्टंट कंपोझर्स पूल' हा वादकांचा गट काढला, पुढे मेंगेलबर्गबरोबर कित्येक दशकं वाजवलं. अल्बमची बरीच मुखपृष्ठंही तोच रंगवायचा.

पण मला हलवलं ते त्याच्या जुन्या चित्रफितीने. हा उंचापुरा माणूस सरळ जमिनीवर फतकल मारून बसतो, फरशीवरच काठ्या चालवतो. मध्येच पायाची टाच ड्रमच्या कातड्यावर दाबतो आणि आवाज वर चढतो. "हा तर डग्ग्याचा घिस्सा!" मी ओरडलोच. आपण डग्ग्यावर मनगट सरकवून जो घुमता आवाज काढतो, तोच हा टाचेने काढत होता. तुम्ही हसलात आणि जेवणाच्या टेबलाजवळची खुर्ची माझ्यापुढे सरकवलीत. म्हणालात, "वाजव."

त्या लाकडावर तीनतालाचा ठेका धरला. कायदा, म्हणजे बोलांची बांधलेली रचना, दुगुणीत (दुप्पट लयीत) नेताना दोनदा सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, चुकली. तुम्ही शेवटपर्यंत हाताने टाळी-खाली देत ताल मोजत राहिलात. काकूंनी वरणाचं पातेलं बाजूला केलं, पण थांबवलं नाही.

निघताना तुम्ही स्वतःची तबला-डग्ग्याची जोडी माझ्या हातात दिलीत. ३० वर्षं जपलेली वस्तू, काका. मला त्या वेळी धड बोलताही आलं नाही.

आता रोज संध्याकाळी तासभर बसतो, खाली जाड सतरंजी घालून. काल गठ्ठे (वादीखालचे लाकडी ठोकळे) ठोकून तबला काळी एक या सुराला लावला. रविवारी जोडी घेऊन येतो. तो कायदा यावेळी समेवर येईल.

आपला कृतज्ञ,
वरच्या गल्लीतला पुणेकर