रिकामी यादी आणि ‘घरातले सर’

प्रति,
ग्राहक सेवा व्यवस्थापक

विषय: वॉरंटीत एसएसडी (लॅपटॉपमधली साठवणीची डिस्क) बदलून लॅपटॉप कोरा परत दिल्याबद्दल

आत्ताच तुमच्या माणसाने ‘अजून काही मदत करू का मॅडम?’ असं विचारून फोन ठेवला. हा पाचवा फोन. त्यातला ‘अजून’ कशाच्या हिशोबात धरायचा, ते कळवा.

विंडोजसकट विकलेला लॅपटॉप अंधेरीच्या सर्व्हिस सेंटरने विंडोजशिवाय हातात दिला. ‘बूटेबल पेनड्राइव्ह, म्हणजे ज्यावरून लॅपटॉप सुरू होतो तो, बनवून तुम्हीच विंडोज टाका, आम्ही टाकलं तर आठशे वेगळे.’ बरं, बनवला. ८ जीबीचा पेनड्राइव्ह, मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल, तुमच्याच २०१३ च्या लॅपटॉपवर. तो अजून ठणठणीत आहे. तेव्हाची तुमची माणसं कुठे गेली कोण जाणे. सेटअप उघडला, अटी मान्य केल्या, आणि विंडोज कुठे टाकायचं ती यादी रिकामी.

पहिला फोन: पेनड्राइव्ह खराब. लॅमिंग्टन रोडला जाऊन नवा आणला. दुसरा फोन: हाही खराब. तिसरा: आयएसओ फाइल (अख्खं विंडोज एका फाइलमध्ये) नुसती पेस्ट करा. पाच जीबीच्या वरची फाइल, फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला पेनड्राइव्ह, त्याला चार जीबीच्या वरचं एक फाइल म्हणून चालत नाही. आणि चाललं असतं तरी पेस्ट केलेल्या आयएसओवरून लॅपटॉप बूट होतो का?

चौथा फोन मात्र सविस्तर सांगते. मी म्हटलं, सेटअप उघडतोय म्हणजे पेनड्राइव्ह बूट झाला, त्याचं काम संपलं. एसएसडी का दिसत नाही ते बोला. तो थांबला. मग म्हणाला, ‘मॅडम, घरात कोणी सर आहेत का? जरा टेक्निकल आहे.’ मी १९ वर्षं लोकांचे हिशोब आणि जीएसटी बघते. आमच्या सरांना व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवायचा तर मला हाक मारावी लागते. तरी दिला फोन. स्पीकरवर ठेवून दिला. तुमच्या माणसाने सरांना अत्यंत आदराने सांगितलं: ‘सर, पेनड्राइव्ह बदलून बघा.’ सर म्हणाले, ‘तिलाच विचारा.’

म्हणजे पेनड्राइव्ह तिसऱ्यांदा खराब.

शेवटी रात्री एक वाजता मीच शोधलं. तुमच्या या मॉडेलला बायोसमध्ये (लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये) व्हीएमडी, म्हणजे एसएसडी सांभाळणारी इंटेलची सोय, चालू असते, आणि इंटेलचा स्टोरेज ड्रायव्हर दिल्याशिवाय सेटअपला एसएसडी दिसत नाही. तो ड्रायव्हर कुठे होता? तुमच्याच साइटवर, याच मॉडेलच्या पानावर. तोही एक्झी, म्हणजे चालवायची प्रोग्रॅम फाइल, सेटअपला चालत नाही. उलगडून आतला फोल्डर पेनड्राइव्हवर टाकला, ‘लोड ड्रायव्हर’ दाबलं, एसएसडी समोर. दहा मिनिटांचं काम. हे तुम्हाला माहीत नाही असं मी मानत नाही. पाच फोनवर एकानेही ‘व्हीएमडी’ हा शब्द का उच्चारला नाही?

या गोंधळात जीएसटी रिटर्नची २० तारीख उलटली. दोन दुकानांचे रिटर्न उशिरा गेले, रोजचे पन्नास रुपये विलंब शुल्क प्रत्येकी मी भरले. ती रक्कम आणि दुसऱ्या पेनड्राइव्हचे ४५० रुपये परत हवेत, बिलं सोबत आहेत. आठ दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार आणि मग ग्राहक आयोग. तिथे मी स्वतःच येईन, सरांना पाठवणार नाही.

आणि कृपा करून पेनड्राइव्ह बदलायला सांगू नका.