मेसेज एजंटला, हेलपाटा आम्हाला

महोदय,

लातूरच्या मार्केट यार्डात शेतमाल विकून देणाऱ्या एका आडतीवर मी एकतीस वर्षे मुनीम आहे. दुसऱ्याच्या पैशाची वही लिहिणे हेच काम. त्यामुळे स्वतःच्या विमान-तिकिटांचे 24,816 रुपये कुठे अडकलेत हे शोधायला अडीच महिने लागले, हे सांगताना लाज वाटते. तरी लिहितो, कारण आमच्या गल्लीतली चार घरे दिवाळीनंतर काशीला निघाली आहेत आणि सगळ्यांची तिकिटे एजंटकडूनच काढली जाणार आहेत.

थोरले बंधू, वहिनी, आमच्या सौ. आणि मी असे चौघे हैदराबादहून विमानाने वाराणसीला जाणार होतो. तिकिटे गंजगोलाईजवळच्या एका दुकानातून रोख पैसे देऊन काढली. वहिनींनी तीन दिवस पुरतील एवढ्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली. रात्री जीप करून निघालो, पहाटे साडेचारला शमशाबादच्या विमानतळावर पोचलो. दारावरच्या जवानाने तिकीट आणि आधार बघून आत सोडले. आत बोर्डावर आमच्या विमानापुढे 'कॅन्सल्ड'.

काउंटरवरची मुलगी म्हणाली, कालच संध्याकाळी मेसेज पाठवलाय. कुणाला? तिने स्क्रीन आमच्याकडे वळवली. नंबर एजंटचा. चौघांपैकी एकाचाही नंबर बुकिंगमध्ये नव्हता. दुकानातल्या पोराला झोपेतून उठवले तर तो म्हणतो, "काका, मेसेज आलता की. पण दिवसाला पन्नास येतेत, कोणकोणता बघावं?"

जीपवाला तोवर परत निघून गेला होता. बस धरून लातूर गाठले. जीपभाड्याचा हिशोब इथे मांडत नाही, तो माझ्या नशिबावर नावे टाकला.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो तर पोरगा तिकीट रद्द करायचे बटण दाबायच्या बेतात. शेजारी बसलेल्या एका गिऱ्हाइकाने त्याला थांबवले. "अरे, विमान त्यांनी रद्द केलंय. तू तिकीट रद्द केलंस तर ह्यांनीच बेत मोडला असं धरून चार्ज कापतील." त्या माणसाचे नावही मी विचारले नाही. पण काही हजार त्याने वाचवले. कंपनीने विमान रद्द केले तर पूर्ण परतावा किंवा दुसरे विमान, हा आपला हक्क आहे. आपण होऊन रद्द केले की मामला वेगळा.

पुढचे दोन महिने दोन वाक्यांत संपतात. एजंट म्हणे कंपनीकडून आले नाहीत, कंपनी म्हणे एजंटला विचारा. मधे एकदा फोनवर कंपनीकडून, पैसे क्रेडिट म्हणून जमा ठेवतो, पुढच्या प्रवासाला वापरा, असेही सुचवून झाले.

इथे माझ्यातला मुनीम जागा झाला. आडतीवर शेतकऱ्याचा माल सौद्यात गेला, माप झाले, की हमाली-तोलाई वजा करून पट्टी, म्हणजे हिशोब आणि पैसे, त्याच्या हातात. खरेदीदाराने अजून पैसे दिले नाहीत, हे त्याला आम्ही सांगू शकत नाही. सांगितले तर पुढच्या हंगामात तो शेजारच्या आडतीवर उतरेल. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियमही काढून वाचला. त्यात साफ लिहिले आहे: तिकीट एजंटमार्फत काढले असले तरी परताव्याची जबाबदारी विमान कंपनीची, कारण एजंट हा तिचाच प्रतिनिधी. पैसे क्रेडिटमध्ये ठेवायचे की नाही हे प्रवाशाने ठरवायचे, कंपनीने परस्पर नाही.

मंत्रालयाच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार केली. अकराव्या दिवशी कंपनीचे उत्तर आले: रक्कम रद्द झाल्यापासून नवव्या दिवशीच एजंटच्या खात्यात जमा केली आहे. म्हणजे माझे पैसे दोन महिने दुकानाच्या वॉलेटमध्ये होते आणि त्यातून दुसऱ्यांची तिकिटे निघत होती. बिनव्याजी भांडवल! आमच्या यार्डात असे कुणी केले असते तर संध्याकाळपर्यंत बोभाटा झाला असता.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. आयत्या वेळी विमान रद्द झाल्यास परताव्याखेरीज भरपाईही मिळते. एक ते दोन तासांच्या उड्डाणाला 7,500 रुपये, त्याहून लांबच्याला 10,000, किंवा मूळ भाडे अधिक इंधन अधिभार, यांपैकी कमी असेल ते. हवामान, संप अशी कंपनीच्या हाताबाहेरची कारणे असतील तर नाही. पण बुकिंग करताना प्रवाशाचा पुरेसा संपर्क दिला नसेल तरीही ही भरपाई मिळत नाही. पोराने फॉर्ममध्ये स्वतःचा नंबर टाकून आमचा तो दावा पहिल्याच दिवशी लंगडा करून ठेवला होता.

माझी मागणी एवढीच आहे. एजंटने काढलेले तिकीट प्रवाशाच्या स्वतःच्या मोबाईलवर ओटीपी गेल्याशिवाय पक्के होऊ नये, आणि परतावा एजंटकडे पाठवला की त्याचा मेसेज त्याच क्षणी प्रवाशालाही जावा. रेल्वेची गाडी रद्द झाली तर ई-तिकिटाचे पैसे न मागता खात्यात येतात, मग विमानाचे का नाही? तोवर ज्यांची तिकिटे झाली आहेत त्यांनी त्यावर कुणाचा नंबर आहे तेवढे आजच बघावे. पैसे अडलेच तर ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे. आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगातही दावा करता येतो, मुंबई-हैदराबाद गाठावी लागत नाही. आणि आपण मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही.

चौऱ्याहत्तराव्या दिवशी 23,616 रुपये मिळाले. उरलेले 1,200 कशाचे, असे विचारले तर पोरगा म्हणाला, "काका, तिकीट तर काढून दिलतं की." बंधू आता रेल्वेनेच जाऊ म्हणतात. मी 1,200 रुपयांची मागणी लेखी देऊन पोच घेतली आहे.

— एक मुनीम, लातूर